पेन्सिलचा ठसा

निरीक्षकांनी पत्र्याची खरडणी चासीच्या पोलादी पट्टीवर टेकवली आणि अंगठ्याने दाबून स्वतःकडे ओढली. रंगाचा एक जाड पापुद्रा सुटून त्यांच्या कपाळावर पडला. हिरव्याखाली तपकिरी, तपकिरीखाली लाल, आणि त्याखाली ग्रीसमध्ये मुरून दगड झालेली माती. ते पाठीवर आडवे पडले होते. खाली गोणपाट होतं आणि वर साठ-बासष्ट वर्षांचा बेडफर्ड ट्रक. बाहेर दोन चकचकीत बूट उगाचच जागा बदलत होते. बूट दंतवैद्यांचे होते, आणि हल्लीच विकत घेतलेला हा ट्रकही त्यांचाच.

खाली जायची गरजच काय, असं दंतवैद्य तिसऱ्यांदा विचारत होते. डॅशवर कंपनीची पितळी पाटी होती, तिच्यावरचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. तो लिहून घ्यावा आणि दाखला द्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं. शनिवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि दाखल्याशिवाय ट्रक आत घेत नव्हते.

"पाटी स्क्रूने बसते डॉक्टर, आणि स्क्रूनेच निघते," निरीक्षक खालूनच म्हणाले. "चासीवर ठोकलेला आकडा निघत नाही."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यांच्या बायकोने ते दारावर रंगवून घ्यायची धमकी दिली होती. वाहन तपासणी कार्यालयातून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती, पण जुन्या ब्रिटिश ट्रकांचा नाद सुटला नव्हता, उलट वाढला होता. लांबलांबचे हौशी लोक फोटो पाठवत. हा कॉमर की थॉर्निक्रॉफ्ट? हे रेडिएटर याच गाडीचं की दुसरीचं? युद्धातल्या चपट्या बॉनेटचा बेडफर्ड म्हणून विकलेली गाडी मुळात गोल बॉनेटची, हे त्यांनी एका फोटोवरून ओळखलं होतं आणि विकणाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. माझ्या माहेरच्या माणसांची नावं यांना आठवत नाहीत, बायको म्हणायची, पण कुठल्या साली कुठला दिवा होता ते झोपेतून उठवून विचारा.

पद्धत एकच, नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनची. चासीवरचा आकडा खरडून मोकळा करायचा, त्यावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी धरून हलके घासायची. काळ्या पट्ट्यात आकडे पांढरे उमटतात. तो ठसा वहीत चिकटवल्याशिवाय ते कुठल्याही गाडीबद्दल शब्द लिहून देत नसत.

बाहेर दंतवैद्यांची कुरकुर चालू होती. गाडी मूळ अवस्थेत आहे, इंजिनाला कुणी हात लावलेला नाही, पण पुढचा बंपर नाही आणि उजवा मडगार्ड नाही. नेमके हेच दोन भाग कुणी काढून नेले असतील? निरीक्षकांनी हुंकार भरला. उजव्या बाजूला चासीचं टोक आत वळलेलं त्यांनी मघाशीच पाहिलं होतं. कधीतरी धडक बसलेली गाडी. त्यात विशेष काही नव्हतं.

त्यांनी फडक्याने पट्टी पुसली, कागद धरला आणि पेन्सिल घासायला सुरुवात केली. एकेक आकडा वर आला. शेवटचे तीन सहाशे नऊ. पाटीवर सहाशे पंधरा होते.

त्यांना आधी आनंदच झाला. पाटी एका गाडीची, चासी दुसरीची, म्हणजे संशोधनाला खुराक. "डॉक्टर, ही तर..." असं ते म्हणायला लागले आणि तिथेच थांबले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ आणला. मग पुन्हा कागद धरून दुसरा ठसा घेतला. मग तिसरा. तिन्ही ठशांत तेच आठ आकडे, त्याच क्रमाने.

तो नंबर त्यांना पाठ होता. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनी तो स्वतःच्या हाताने एका अहवालात लिहिला होता.

 दंतवैद्य काहीतरी विचारत होते, ते ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. छातीवर अख्खा ट्रक उतरल्यासारखं झालं, आणि गंमत म्हणजे तो खरंच दीड हातावर होता. ही गाडी त्यांनी तपासली होती. तपासून, चालवून, सही करून दिली होती. आणि आता त्यांना कळत होतं की ही गाडी आज ते पहिल्यांदाच पाहत होते.

तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. गावात शिरणाऱ्या लांब उतारावरून सिमेंटची पोती भरलेला एक बेडफर्ड सुसाट खाली आला आणि वळणावरच्या बसथांब्यावर चढला. थांब्यावरचे दोघे गेले. एक घड्याळजी होता, आणि एक परिचारिका, नुकतीच कामाला लागलेली. ब्रेक दाबला पण लागला नाही, असं ट्रकचालकाने सांगितलं. सगळेच चालक हेच सांगतात. फक्त हा चालक निरीक्षकांच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

दुसऱ्या कार्यालयातून माणूस मागवू का, असं वरिष्ठांनी विचारलं होतं. निरीक्षकांनी मान हलवली. ते म्हणाले, मीच करतो. त्या वयात त्यांना स्वतःच्या सचोटीचा भारी अभिमान होता, आणि तो चारचौघांत दिसावा असंही वाटत होतं. गाडी वाहतूक कंपनीच्या आवारात ठेवली होती. एकसारख्या सहा बेडफर्डांमध्ये ती वेगळी उभी होती. बंपर वाकलेला, उजवा मडगार्ड चेपलेला. त्यांनी ती तीनदा चालवून पाहिली. तिन्ही वेळा ब्रेक असे लागले की शेजारी बसलेल्या कारकुनाचं कपाळ काचेवर आपटलं.

दाजींना दोन शिपायांच्या मधे दहा हातांवर उभं केलं होतं. ते एकदाच बोलले.

"दादा, एकदा खाली जाऊन बघा."

कंपनीचा मालक कारकुनाकडे बघून हसला. ते हसू निरीक्षकांनी पाहिलं आणि त्यांचे कान तापले. खाली गेलो तर लोक म्हणतील, मेहुण्यासाठी पळवाट शोधतोय. परक्या चालकाची गाडी असती तर ते न सांगता खाली गेले असते, चासी खरडली असती, ठसा घेतला असता. परक्यासाठी जे केलं असतं ते आपल्या माणसासाठी करायचं नाही, एवढा कडक न्याय त्यांनी त्या दिवशी केला. पाटीवरचा नंबर उतरवून घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: ब्रेक पूर्णपणे कार्यक्षम. चालकाने वेळेत ब्रेक लावल्याचे दिसत नाही.

दाजींना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि परवाना कायमचा गेला. निरीक्षक मात्र मोठे झाले. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला सोडलं नाही, धुतल्या तांदळासारखा माणूस, असं कार्यालयात नव्या भरतीच्या पोरांना सांगितलं जाऊ लागलं. बहीण त्या संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली होती. ते खोटं बोलत नाहीत, एवढंच ती म्हणाली. गाडी खोटं बोलत नाही, असं उत्तर त्यांनी दिलं होतं. त्यानंतर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आई गेली तेव्हाही दोघं अंगणाच्या दोन टोकांना उभी होती.

निरीक्षकांनी विजेरी तोंडात धरली आणि कोपरांवर सरपटत मागच्या चाकांच्या आसाकडे गेले. एकाहत्तरीला आलेल्या माणसाने असं सरपटू नये, पण ते कुठे थांबायला तयार होते. ब्रेकच्या तेलाचा बारीक पाइप चासीच्या कडेने मागे येतो, तो त्यांनी बोटाने चाचपत आणला. आसाच्या अलीकडे बोट अडलं. पाइप हातोड्याने चेपला होता, दुमडला होता, आणि दुमडीवर तार आवळली होती. वर मातीचा जुना थर तसाच होता. त्याला अलीकडे कुणी हात लावलेला नव्हता.

ही युक्ती त्यांना चांगली ठाऊक होती. मागच्या चाकात तेल गळायला लागलं की दुरुस्ती करण्याऐवजी काही मालक मागचा पाइपच बंद करून टाकत. रिकामी गाडी पुढच्या दोन चाकांवर थांबते, चालकाला पत्ताही लागत नाही. सिमेंट भरून उताराला लावली की पाय दाबून काही होत नाही.

म्हणजे त्या आवारात रातोरात दोन गाड्यांच्या पाट्या बदलल्या होत्या. पितळी पाटी आणि बाहेरच्या नंबराच्या पाट्या, पाच-सहा स्क्रूंचं काम. वाकलेला बंपर आणि चेपलेला मडगार्डही इथून काढून चांगल्या गाडीवर चढवला होता, तपासायला येणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. आणि त्यांची पटली होती.

दंतवैद्यांनी त्यांना पाय धरून बाहेर ओढलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पाणी आणलं, पंखा जवळ आणला, रक्तदाबाची गोळी घेता का म्हणून विचारलं. निरीक्षकांनी एकच विचारलं, गाडी आली कुठून. भंगारवाल्याकडून, दंतवैद्य म्हणाले. उताराच्या पायथ्याशी एक वाहतूक कंपनी होती, कधीच बंद पडली. मालक वारला, वारसांनी जागा विकली, तेव्हा मागच्या शेडची भिंत पाडली. तिच्याआड ही उभी होती.

"पण अस्सल आहे ना साहेब?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"अस्सल आहे. हिच्या खाली हात लावू नका. धुऊ नका, काही बदलू नका. पुरावा आहे तो."

"कशाचा?"

"माझ्या चुकीचा," निरीक्षक म्हणाले आणि तिन्ही ठसे खिशात घालून चालू लागले. दाखल्याचा कोरा कागद दंतवैद्यांच्या हातात तसाच राहिला.

बहिणीचं घर त्यांना माहीत होतं. बायको वर्षातून दोनदा तिथे जायची आणि परत आल्यावर, ते ऐकत नाहीत असं दाखवत असताना, सगळं सांगायची. दाजी छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलायला लागले. दाजींनी पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही. बसमधून जातानाही शेवटच्या बाकावर बसतात आणि उतार आला की डोळे मिटून घेतात. आपण ते ऐकत होतो, निरीक्षकांच्या मनात आलं, आणि ऐकून जेवत होतो.

छापखान्यामागच्या इमारतीचे दोन जिने चढताना त्यांनी काय बोलायचं ते जुळवलं आणि दार उघडताच ते सगळं विसरले. बहिणीचे केस पूर्ण पांढरे झाले होते. तिने त्यांच्या ग्रीसने माखलेल्या सदऱ्याकडे पाहिलं, कपाळावरच्या रंगाच्या पापुद्र्याकडे पाहिलं, आणि दाराच्या कडीवरचा हात काढला नाही.

त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. पाटी, चासी, बंपर, पाइप. मी खाली गेलो नाही, असं ते दोनदा म्हणाले. ती रडेल, नाहीतर दार लावून घेईल, असं त्यांना वाटलं होतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चेहऱ्यावर आश्चर्याची रेषसुद्धा नव्हती.

"मला काय सांगतोस," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"हो. तू म्हणाली होतीस. ते खोटं बोलत नाहीत म्हणून."

"मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही."

निरीक्षकांना कळलं नाही. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं.

बहिणीने मागे वळून आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. अहवाल वाचल्यावर दाजी तुरुंगात तीन दिवस जेवले नव्हते, ती म्हणाली. चौथ्या दिवशी भेटीला गेली तर म्हणाले, दादा लबाडी करणारा माणूस नाही. त्याने चालवून पाहिली, ब्रेक लागले. म्हणजे माझाच पाय ब्रेकवर गेला नसेल. घाबरलो असेन, दाबला असं नुसतं वाटलं असेल. ती भांडली, रडली, शपथा घातल्या. ते मान हलवत राहिले. सुटल्यावर ते थेट घरी आले नाहीत. आधी त्या परिचारिकेच्या आईकडे गेले, तिच्यासमोर उभे राहिले, आणि मी ब्रेक दाबला नाही असं कबूल करून मगच घरी आले.

"मी तुझ्याशी बोलत नव्हते ते शिक्षेसाठी नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं काय, निघून गेली असती. तू त्यांना स्वतःवर विश्वास ठेवू दिला नाहीस."

निरीक्षकांनी भिंतीला हात टेकला. गाडीखाली जे झालं होतं ते काहीच नव्हतं असं त्यांना आता वाटलं. एका माणसाला तुरुंगात धाडलं, हे ते येताना वाटभर मोजत आले होते. तो माणूस आपल्या शब्दावर भरवसा ठेवून अडतीस वर्षं स्वतःला दोन जिवांचा मारेकरी समजत जगला, हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. क्षणभर वाटलं, परत फिरावं, जिने उतरून जावं. बहिणीने ते ओळखलं असावं. तिने त्यांचं मनगट धरून त्यांना आत घेतलं.

दाजी खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर बसून एका पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते. छापखाना सुटल्यावरही हे काम ते घरी आणत. त्यांनी वर पाहिलं, चष्मा वर केला आणि खुर्चीतून अर्धवट उठले.

"दादा? या ना. बसा."

त्या आवाजात राग नव्हता, हे निरीक्षकांना सगळ्यात जड गेलं. ते समोरच्या स्टुलावर बसले आणि तिन्ही ठसे टेबलावर मांडले. सांगायला त्यांना वेळ लागला.   खळीचं बोट हवेत तसंच धरून दाजी ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी ते बोट फडक्याला पुसलं, एक ठसा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"मागचा पाइप म्हणता?"

"मागचा. चेपून, तार बांधून बंद केलेला. मी आज हात लावून आलोय."

"म्हणजे मागची दोन्ही चाकं..."

"दोन्ही. दाजी, तुमच्या जागी कुणीही असतं तरी गाडी थांबली नसती. मी असतो तरी."

दाजींनी कागद खाली ठेवला.  मग त्यांचा उजवा पाय चपलेतून बाहेर आला. त्यांनी तो फरशीवर ठेवला आणि दाबला. गुडघा थरथरला, मांडी ताठ झाली, दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीची बैठक घट्ट धरली, आणि अजून दाबला. जुनी खुर्ची करकरत मागे सरकली.

"इतका दाबला होता," ते म्हणाले. मग दाराकडे, बायकोकडे बघून पुन्हा म्हणाले, "अगं, इतका दाबला होता मी."

"हो," बहीण म्हणाली. 

निरीक्षकांनी हात जोडले. माफीचा शब्द त्यांच्या तोंडात होता, पण दाजी त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते उठले होते आणि खुंटीवरचा बाहेर जायचा सदरा काढत होते. बटणं लावताना त्यांची बोटं चुकत होती. एक बटण वरच्या काजात गेलं, ते काढून त्यांनी पुन्हा लावलं. कुठे जायचंय, असं बहिणीने विचारलं. त्या पोरीच्या आईकडे, असं ते म्हणाले, घड्याळजीच्या घरचे कधीच गाव सोडून गेले, पण ती म्हातारी आहे अजून, दिसत नाही तिला नीट, पण ऐकू येतं.

"दाजी, मी लिहून देतो," निरीक्षक म्हणाले. "जिथे द्यायचं तिथे देतो. उद्याच. आज तुम्ही त्यांना स्वतः सांगा, तुमचा हक्क आहे तो."

दाजींनी टेबलावरचा एक ठसा उचलून निरीक्षकांच्या हातात दिला.

"माझं त्या कसं मानतील, दादा? मी त्यांना एकदा स्वतःच्या तोंडाने उलटं सांगून आलोय. तुम्ही चला. तुम्ही सांगितलेलं लोक खरं मानतात."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. निरीक्षक स्टुलावरून उठले तोवर दाजी दाराबाहेर जाऊन कठडा धरून पहिला जिना उतरायला लागले होते.